पाऊण सेकंदाचा थांबा

अण्णा मगदुमांना बोलायला पाऊण सेकंद उशीर व्हायचा, आणि घरातली माणसं तेवढ्यात पुढच्या विषयावर गेलेली असायची. "भाजी आणखी वाढू?" असं विचारून त्यांची बायको वाढूनही मोकळी. मग अण्णांच्या गळ्यातल्या डबीतून, त्यांच्याच जुन्या आवाजात, "नको, खारट आहे" असं यायचं. तोवर ताट भरलेलं.

अर्धांगवायूनं वाचा गेलेल्यांसाठी हे वाचासेतू निघाले तेव्हा लोक त्याला चमत्कार म्हणत होते. कानामागची टिकली मेंदूत उमटणारं वाक्य पकडते आणि गळ्यातली डबी ते बोलते, एवढंच. पण माणसाची हाव! मुक्याला वाचा मिळाली, तर आता ती हळू चालते म्हणून कुरकुर.

सगळ्यात जास्त कुरकुर रेवतीची. ती अण्णांची मुलगी, आणि नोकरीला वाचासेतू बनवणाऱ्या कंपनीतच. उशिराचं कारण तिनं शोधून काढलं होतं. जुन्या कोडमध्ये एक ओळ होती: वाक्य तयार झालं की पाऊण सेकंद थांब. शेजारी कुणीतरी टीप लिहिली होती, 'ही ओळ काढू नये.' का काढू नये, ते लिहिलं नव्हतं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

"सर, त्या थांब्याचा कशालाही उपयोग नाही," ती मॅनेजर कर्णिकांना म्हणाली. कितव्यांदा म्हणाली, ते तिलाही आठवत नव्हतं.

"चालतंय ना? मग हात लावू नका." कर्णिकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बिघडलं तर वरचे मला झोडपणार. टीप लिहिणाऱ्याला नाही."

"पण तो का ठेवलाय, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"नाही बाई. म्हणूनच तर भीती वाटते."

आता यावर काय बोलणार, कपाळ! रेवतीनं चाचण्या केल्या, आलेख काढले, तक्रारी गोळा केल्या, आणि प्रत्येक बैठकीतून हात हलवत परत आली. शेवटी वरच्यांनाच जाग आली. दुसऱ्या कंपनीचं यंत्र झटपट बोलतं, आपलं का नाही? कर्णिकांनी सही केली. "घ्या, जिंकलात," एवढंच म्हणाले. रेवतीला आनंदसुद्धा धड झाला नाही, इतकी ती दमली होती.

थांबा निघाला आणि अण्णा मात्र काय बोलायला लागले! आल्यागेल्याला "या, बसा", पोराबाळांना "शाब्बास", जेवताना आईला "तुझ्या हाताला चव आहे." आई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतकं कधी बोलले नव्हते गं."

मग एका रविवारी पुतण्या बसवराज आला. अण्णांची गुळाची पेढी बंद पडून होती. "काका, पेढी माझ्या नावावर करायची का?" त्यानं विचारलं.

"हो की, कर. आता तूच बघायचं सगळं," डबी लगेच म्हणाली.

रेवती चमकली. एक होकार द्यायला अण्णा समोरच्याचा जीव काढायचे, सगळा बाजार साक्षीला होता. तरुणपणी त्यांनी रुमालाखाली बोटं दाबून सौदे केले होते, चारचौघांना भाव कळू नये म्हणून. लहानपणी रेवतीला मांडीवर घेऊन ते तोच खेळ खेळायचे. अंगठा दाबला की हो, करंगळी दाबली की नाही. आता अण्णांचा धड असलेला डावा हात शालीखाली चुळबुळत होता. तिनं आपला हात आत घातला.

करंगळी. पुन्हा करंगळी. इतकी जोरात की तिला कळ आली. आणि वर डबी म्हणत होती, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं, बसू."

बसवराज गेल्यावर तिनं आईला समजावलं. "बोलायच्या आधी मनात बरंच काही उमटतं, आई. सवयीचं, तोंडदेखलं, ते सगळ्यात आधी. माणूस ते गिळतो आणि मग खरं बोलतो. यंत्र उमटलेलं पहिलंच उचलतं. त्या पाऊण सेकंदात अण्णांना ते गिळता येत होतं."

"म्हणजे बोलतात ते यांचं नव्हेच?"

"त्यांचंच गं. पण त्यांना बोलायचं नसलेलं."

आईनं बसवराजचा उष्टा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "मग माझ्या हाताला चव आहे म्हणतात ते?"

रेवती तो कप घेऊन विसळायला आत गेली.

"थांबा परत घाला, सर," दुसऱ्या दिवशी तिनं कर्णिकांना सांगितलं.

"आता?" कर्णिक कसंनुसं हसले. त्यांनी पाहणीचे निकाल समोर ठेवले. "बघा, एकूण एक माणूस खूश आहे. एकाचीही तक्रार नाही."

"ही उत्तरं कशी घेतली?"

"तोंडी. ही माणसं लिहिणार थोडीच..." कर्णिक मध्येच थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा."

त्यांनी निकालांचे कागद पालथे घातले. मग म्हणाले, "मला पटतंय, रेवती. पण बदल करायचा तर वापरणाऱ्याची संमती लागते, त्याच्या स्वतःच्या आवाजात. थांबा काढतानाही घेतली होती."

घेतली होती. तेव्हा अण्णा पाऊण सेकंद थांबून "काढ" म्हणाले होते. तो होकारच होता, खराखुरा. लेकीनं एवढी खटपट केली म्हणून दिलेला.

संध्याकाळी ती अण्णांजवळ बसली आणि शालीखाली त्यांचा हात धरला. फोनमधून कंपनीच्या बाईचा गोड आवाज आला. "आपल्याला वाचासेतूचा जुना थांबा परत हवा आहे का?"

अण्णांनी तिचा अंगठा दाबला. सगळा जीव एकवटून दाबला.

"नको, नको," डबी म्हणाली. "आहे ते छान आहे. उगीच कशाला त्रास?"

"धन्यवाद. आपलं उत्तर नोंदवलं आहे."

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रेवतीला बघवेना. ती मान खाली घालून पुटपुटली, "चुकले हो अण्णा मी."

"छे गं," डबी प्रेमानं म्हणाली. "माझी पोरगी गुणाची आहे. माझा काही राग नाही तुझ्यावर."

शालीखाली अण्णांची बोटं तिच्या हातावर सरकू लागली. कुठल्या बोटाशी थांबतात ते कळायच्या आत रेवतीनं हात काढून घेतला.