कोवळ्या सालीवरची चिठ्ठी

साल १९५८. आमच्या मेस्कितालच्या खोऱ्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. रस्त्याची मोजणी करायला पाचुका शहरातून आलेला आन्सेल्मो आमच्या घायपातीसारख्या माग्वेच्या झाडांपाशी थांबला.

"प्यायला पाणी मिळेल?"

"थांबावं लागेल," मी म्हटलं. "इथे आधी झाडं पितात."

त्याला पटेना. मग मी पात दाखवली. जाड, टोकाला काटा, मधून पन्हळीसारखी खोल. टोकाजवळचा दवाचा थेंब बोटाने हलवला, तसा तो घरंगळत थेट बुंध्याशी गेला.

"एकही वाया नाही?"

"नाही. बाबा या झाडांना माझ्याहून जास्त जपतात."

"मग चुकतंच त्यांचं..." तो पुटपुटला आणि उगाच मोजपट्टी गुंडाळत बसला. कान लाल झाले होते.

रविवारी आईने त्याला जेवायला बोलावलं. मटण माग्वेच्या पातळ सालीत बांधून वाफवलेलं.

"हा कागद कुठला?"

"पातीवरून सोलतात," मी म्हटलं. रस देऊन झालेल्या म्हाताऱ्या झाडाच्याच पातीवरून, हे सांगायचं राहिलं.

चार दिवसांनी त्याने माझ्या हातात एक घडी ठेवली. पारदर्शक साल, वर शाईची अक्षरं. वाचताना हसू आलं... मग बोटांना जाणवलं. साल कोवळी होती.

मी शेताकडे पळाले. तो मागून, काय झालं विचारत. बाबा बारा वर्षांच्या झाडासमोर उभे होते. पुढच्या वर्षी ते गोड रस देणार होतं. पन्हळीने आणलेलं पाणी सालीनेच धरायचं. ती गेली आणि गाभ्याच्या पाती कागदासारख्या सुरकुतल्या होत्या.

"कुणी केलं?"

"मी, काका," आन्सेल्मो म्हणाला. आवाज बसला होता. "मला माहीत नव्हतं..."

बाबांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नसे. "वाच."

मी घडी उलगडली. "एउलालिया," मी वाचलं, "मला... परत जायचं नाही."

बाबांनी सुरकुतलेल्या पातीवरून हात फिरवला.

"जायचं नाही ना?" ते म्हणाले. "मग नवीन झाड लाव. तयार होईपर्यंत हलायचं नाही."

ते झाड वाळून गेलं. तिसऱ्या वर्षी आमचं लग्न झालं. नवं झाड तेराव्या वर्षी तयार झालं. रसाचा पहिला पेला बाबांनी आन्सेल्मोला दिला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी बाबा वारले. त्या दिवशी पेला रिकामा करून आन्सेल्मोने मला विचारलं होतं, "आता जाऊ?"

गेला तो सहा वर्षांपूर्वी, याच मातीत. चिठ्ठीची साल वाळून करकरीत झालीय. अक्षरं अजून लागतात.