आजोबांसाठी टाळ्या

दोन हजार अकरा सालची गोष्ट. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम कॅनडातल्या कनाटाच्या मराठी मंडळाने रविवारी दुपारी ठेवला होता. कामाच्या दिवशी झेंडावंदनाला येतो कोण! शैलेंद्र गाडीतून बटाटेवड्यांचा ट्रे आणायला बाहेर पडला. त्याची बारा वर्षांची रुचा आज पणजोबांवर भाषण करणार होती, आणि तेवढा वेळ बापाला तिच्या नजरेआड राहायचं होतं.

पणजोबा म्हणजे शैलेंद्रचे आजोबा, साताऱ्याकडचे. त्रेचाळीस साली इंग्रजांच्या पोलिसांनी त्यांचे तळवे फोडले आणि ते जन्मभर टाचांवर चालले, अशी घरातली कथा. खरी गोष्ट वडिलांनी मरायच्या आधी शैलेंद्रला सांगितली होती. भूमिगतांचा ठावठिकाणा आजोबांनीच पोलिसांना दिला. दोन तरणी माणसं गोळ्या लागून मेली. तळवे फोडले ते प्रतिसरकारच्या लोकांनी. फितुराला तेव्हा हीच शिक्षा असे. शैलेंद्रने हे पोटात ठेवलं. रुचाने विचारलं तेव्हाही त्याने जुनीच कथा सांगितली, वर पदरचं तिखटमीठ लावलं.

बाहेर बारीक बर्फ पडत होता. पार्किंगपासून दारापर्यंत ताजी पावलं उमटली होती. अनवाणी. नुसत्या टाचा, बोटं कुठेच नाहीत.

ट्रे छातीशी धरून तो आत आला. बोळात सगळ्यांचे बूट ओळीने ठेवलेले, ओल्या लोकरीचा वास, आणि त्यात मिसळलेला कढवलेल्या तेलाचा नि हळदीचा. आजी रोज आजोबांच्या तळव्यांना लावायची, तोच. टांगलेल्या कोटांमागे भिंतीला धरून कुणीतरी उभं होतं.

"शैलू... टाळ्या वाजू दिऊ नगंस."

"आजोबा...?"

"माझ्या नावानं टाळी पडली की तळव्यावर काठी पडतीया... एका टाळीला एक काठी. म्या काय केलं, ते सांगून टाक लेकरा... लई वर्सं झाली."

आतून रुचाचा आवाज आला. "माय ग्रेट-ग्रँडफादर नेव्हर गेव्ह देम अ सिंगल नेम!"

हे वाक्य शैलेंद्रनेच तिला दिलेलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कोटांमागे कुणीतरी दातांवर दात दाबून कण्हलं.

ट्रे खाली ठेवून तो धावत आत शिरला. आज सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. मंडळाच्या अध्यक्षा प्रमोदिनीताईंनी त्याला आयतंच गाठलं. "ये ये, दोन शब्द बोल ना, प्लीज!" म्हणत त्यांनी माईक त्याच्या हातात कोंबला.

बोळाच्या दारात म्हातारा हात जोडून उभा होता. इकडे शैलेंद्रच्या शेजारी रुचा मान वर करून बापाकडे बघत होती, डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. शैलेंद्रला लाज वाटली. आजोबांची नव्हे, स्वतःची.

"माझ्या आजोबांचा... मला अभिमान आहे," तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या. दार रिकामं झालं. सुटलो, असं त्याला क्षणभर खरोखरच वाटलं, आणि त्या सुटकेचीही त्याला शरम वाटली.

तेवढ्यात रुचा मटकन खाली बसली. "बाबा, माय फीट..."

त्याने तिचे मोजे काढले. दोन्ही तळव्यांवर आडवे लाल वळ उठले होते, सुजून टरारलेले. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"दमली गं बाई पोर!" कुणीतरी मायेने म्हणालं. प्रमोदिनीताईंनी हात उंचावले. "रुचासाठी वन मोअर टाइम!"

टाळ्या सुरू झाल्या. रुचाने त्याच्या खांद्यात दात रुतवले. "बाबा... टेल देम... मेक देम स्टॉप..."

माईक अजून शैलेंद्रच्याच हातात होता. त्याने तो तोंडाशी नेला, आणि तो आणखी काही बोलणार म्हणून सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.