शेजारची सीट

“बाबांनी गाडी नवीकोरी घेतली आणि त्याच वर्षी आई आम्हाला टाकून गेली,” भेटायला आलेली तरुणी म्हणाली. कडेवरची तान्ही मुलगी झोपेला आली होती. “आता सीटवाला म्हणतो, ड्रायव्हरशेजारची सीट या गाडीची नाहीच. गाडी तर कधी दुरुस्तीलाही गेलेली नाही.”

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी चष्मा पुसला. “तुम्हाला नक्की काय शोधायचंय? सीट की आई?”

“हिला खाली ठेवून धड आंघोळीला जाववत नाही मला. आई मला टाकून कशी गेली असेल, एवढंच कळू द्या.”

बाईंबरोबर त्यांचे यजमान होते. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोचं डोकं खायचे, म्हणून बाईंनी त्यांना मदतीला घेतलं होतं.

गॅरेजमध्ये दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार उभी होती. जुन्या गाड्यांच्या सीटा मूळ नमुन्याबरहुकूम करून देणारा कारागीर आत वाकला होता.

“ड्रायव्हरची सीट अस्सल. आत घोड्याचे केस न् काथ्या. शेजारचीत फोम, आणि खाली रूळ! ही गाडी या मॉडेलच्या पहिल्या वर्षाची; तेव्हा ही सीट तळाला बोल्टनं आवळलेली असायची. सरकणारी सीट पुढच्या वर्षी निघाली.” त्यानं गालिचा उचलला. “ही बोल्टांची भोकं. बुजवलीत कुणीतरी.”

तरुणीचे वडील चाकाच्या खुर्चीत होते. “तिचं नाव काढू नका. मी कामासाठी परगावी होतो. आलो तर रडणारी पोर शेजारणीनं नेलेली आणि ही पसार.”

“गाडीत बसायच्या का त्या?”

“बसायची आणि कुरकुरायची. सीट तसूभर हलत नाही, पाय आखडतात म्हणून. ती गेल्यावर मी गाडीचं तोंड पाहिलं नाही. धाकटा भाऊच पुसतो, फिरवतो.”

तो धाकटा भाऊ, म्हणजे तरुणीचा काका, मोठा बोलघेवडा.

“वहिनीला स्टेशनवर मीच सोडलं हो! सीट सर्रकन मागे सरकवली, पायाशी बॅग ठेवली आणि बसली ऐटीत. पोरीचं नावसुद्धा काढलं नाही.”

बाहेर येताच यजमान कुजबुजले, “अगं, नवराच खोटारडा. म्हणे तसूभर हलत नाही! मी बसून पाहिलं, लोण्यासारखी सरकते.”

“अहो, तुम्ही आज बसलात. ती तेव्हा बसली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलवा.”

सगळे जमल्यावर बाई सीटच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“नवऱ्याला न हलणारी सीट आठवते. म्हणजे मूळची. काकांनी मात्र वहिनीला अशा सीटवर बसवून स्टेशनला नेलं, जी तेव्हा कारखान्यातून निघालीच नव्हती. काका, खोटं रचताना माणूस डोळ्यांसमोरचंच सामान वापरतो. रोज हीच सीट पुसून तुम्ही आधीची विसरलात.”

“कुणीही बदलली असेल,” काका म्हणाले.

“गाडी तुमच्याशिवाय कुणाच्या हाती होती? आणि नव्या गाडीची एकच सीट का काढावी लागते? धुऊन न निघणारं काही सांडलं तर.”

काकांनी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं.

“दादाची नवी गाडी... तिला वेग दाखवत होतो. घेतलीही होती थोडी. ती म्हणत होती, पोरगी जागी होईल, परत फिरू. वळणावर ब्रेक दाबला. तिचं डोकं काचेच्या चौकटीवर... नंतर घरातून तिचे कपडे बॅगेत भरून आणले. लोकांना वाटावं, गेली म्हणून.”

“कुठे आहे ती?” बाईंनी विचारलं.

“जुन्या खाणीच्या पाण्यात. सीटसकट.”

वडिलांनी खुर्ची भावासमोर आणली. त्यांची लेकही पुढे आली.

“काका, पाण्यात टाकलंत तेव्हा तिचा श्वास चालू होता?”

काकांनी फडकं पुन्हा उचललं.

“ती विचारतेय तुला,” वडील खुर्चीतून म्हणाले. “बोल.”

“मी...” काका म्हणाले, “मी बघितलंच नाही.”