शिडावरचा शिक्का

चोरीला गेलेला नकाशा मनिलातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात सापडला आणि त्याच दुपारी इलोइलोत पर्ला होफिलेन्याला कामावरून घरी बसवलं. अभिलेखागारातल्या नकाशांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची; चोर ठरवायला तेवढं पुरलं. सोमवारी तिला अटक होणार होती.

तपास पोलीस निरीक्षक तेओफिला माग्बानुआकडे आला. पोथीपंडितांचा तिला मनापासून तिटकारा होता. अभिलेखागाराचे संचालक डॉ. अन्सेल्मो पारेन्यास यांना भेटल्यावर तो दुपटीने वाढला. तिच्यापुढे तांदळाच्या पिठाचा गरम केक, बिबिंगका, ठेवून त्यांनी हसतहसत पर्लाचा गळा कापला.

"नकाशा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

"शेवटचा? मी तो पहिल्यांदासुद्धा पाहिलेला नाही, मॅम. असले जुने कागद पर्लाच बघते."

"दुसरी किल्ली?"

"माझ्या तिजोरीत. तिला कोण हात लावतंय!"

त्यांच्या टेबलावर एक ठराव पडला होता. प्रांतातल्या ग्रंथपालांचा आणि अभिलेखपालांचा ईमेलवर चर्चा करणारा एक समूह होता आणि पारेन्यास त्याचे अध्यक्ष होते. समूहाची जुनी पत्रं पुढच्यांसाठी पुरावा म्हणून जपावीत, असं काहींचं म्हणणं होतं. पारेन्यासांना ती सगळी शुक्रवारच्या सभेतच पुसून टाकायची होती. ती गप्पांची मोरी आहे, मोरी कुणी जपतं का, असं ते म्हणाले.

कुणाला काही फेकायची घाई दिसली की तेओफिला ते आधी वाचायची. तिने पत्रं वाचायला घेतली आणि पस्तावली. एकजण वाळवीवर उपाय विचारी, दहाजण आपापली विद्वत्ता पाजळत आणि अकरावा समूहातून बाहेर कसं पडायचं ते विचारी. संचालक शिंकले तरी सगळे आभार मानत. एका ठिकाणी तर पानंच्या पानं नुसते आभार होते. 'सर, किती मोलाचा प्रश्न विचारलात!' त्यांत पर्लाही होती. प्रश्न मात्र कुठेच नव्हता.

तेओफिला तडक पर्लाच्या घरी गेली.

"काय विचारलं होतं सरांनी?"

"आठवत नाही, मॅम. खरं सांगायचं तर आम्ही वाचतच नाही. सरांचं पत्र आलं की आधी आभार मानायचे. राहिले तर सर सभेत नाव घेऊन टोचतात."

हिच्यासाठी आपण धावपळ करतोय, याची तेओफिलाला चीड आली. तरी तिने धावपळ केली.

शुक्रवारी सभा भरली. ठराव मांडायला पारेन्यास उभे राहिले, तेवढ्यात तेओफिला नकाशा घेऊन आत आली.

"समूहातून एखादं पत्र काढून टाकायचा अधिकार कुणाला आहे?" तिने विचारलं.

फक्त अध्यक्षांना, असं कुणीतरी पटकन सांगून टाकलं.

तिने पडद्यावर पर्लाचं आभाराचं पत्र उघडलं आणि त्याच्या तळाशी असलेल्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली. ज्याला उत्तर दिलं होतं ते मूळ पत्र घडी उलगडावी तसं खाली उघडलं. तेओफिलाने ते मोठ्याने वाचलं. 'माझ्या एका मित्राकडे जुना नकाशा आहे. त्यातल्या गलबताच्या शिडावर जांभळा शिक्का बसला आहे. कागदाला इजा न होता तो काढता येईल का?' खाली पारेन्यासांचं नाव होतं.

तिने नकाशा टेबलावर पसरला. गलबताच्या शिडावर एक फिकट डाग होता.

"हा शिक्का तुमच्याच अभिलेखागाराचा होता. जो नकाशा तुम्ही कधी पाहिलाच नाही, त्याच्या शिडावर काय आहे ते तुम्हाला कसं ठाऊक? चोरी करण्याआधी चोराने जातभाईंचा सल्ला घेतला. चारचौघांना विचारल्याशिवाय तुम्हा लोकांना पाणीसुद्धा गोड लागत नाही. मग तिजोरीतली किल्ली बाहेर आली. नकाशा विकून झाल्यावर तुम्ही आपलं पत्र काढून टाकलंत. पण न वाचता तुमची री ओढणाऱ्या प्रत्येकाने ते आपल्या आभाराखाली अख्खं जपलं होतं. म्हणून सगळंच पुसायला निघालात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

"त्यावरून काही सिद्ध होत नाही," पारेन्यास म्हणाले.

"मनिलाच्या दुकानदाराने सकाळीच तुमचा फोटो ओळखलाय. चला."

ठराव बारगळला. किल्ली परत हातात आली तेव्हा पर्ला रडली. आभार मानायला तिने तोंड उघडलं, पण तेओफिलाने तिला हातानेच थांबवलं.

संध्याकाळच्या आत समूहावर पत्रांची रीघ लागली. 'माझं ते आभाराचं पत्र कृपया काढून टाकावं.' प्रत्येकाच्या खाली संचालकांचा तो प्रश्न पुन्हा अख्खाच्या अख्खा आला होता. पत्रं काढायचा अधिकार आता पर्लाकडे आला होता; तिने त्यातलं एकही पत्र पुसलं नाही.