कोणी लिहिलं ते सांगा

चंद्राच्या पलीकडे येऊन थांबलेल्या पाहुण्याचा ईमेल सकाळी आला आणि तो वाचता वाचता कुंदाआत्याचा चहा गार झाला. डोंगरावरच्या संदेश केंद्रात ती शास्त्रज्ञ होती आणि तिची भाची शलाका सुट्टीसाठी सासवडहून तिच्याकडे आली होती.

“तुम्ही एका ओळीत ‘या’ म्हणता आणि पुढच्याच ओळीत ‘येऊ नका’,” भाषांतर-यंत्राने वाचून दाखवलं. “तुमची तब्येत बरी दिसत नाही. आजाऱ्याला त्रास नको, म्हणून आम्ही उद्या परत निघतो.”

शलाकाला रडूच कोसळलं. तुझ्या घरून आमचा सूर्य दिसतो का, असं तिने पाहुण्याला विचारलं होतं आणि उत्तराची वाट पाहून तिचे डोळे शिणले होते. आता उत्तर न देताच स्वारी निघाली.

आत्याने तिला जवळ घेऊन समजावलं. केंद्राने जगभरच्या लोकांना पाहुण्याला लिहायला सांगितलं होतं. एकाने लिहिलं की दुसरा त्यालाच जोडून उत्तर द्यायचा. अशा उत्तराच्या वर आधीचा मजकूर आपोआप येतो. त्याला अवतरण (दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे) म्हणतात.

“पाहुण्याला ते कसं दिसलं, मला बघू दे,” शलाका डोळे पुसत म्हणाली.

पडद्यावर ओळींमागून ओळी उमटल्या. तुझ्या घरून आमचा सूर्य दिसतो का? आमच्या बंदरावर या, बांगडे ताजे मिळतात. अजिबात येऊ नका. बांगड्यात काटे फार. शलाकाला आधी हसू फुटलं, मग तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या.

“आत्या, यातलं माझं कुठलं हे त्याला कसं कळणार? एकच कोणीतरी तापात बरळतंय असं वाटतं.”

कुंदाआत्याचा चेहरा उतरला. प्रत्येक अवतरणाच्या डोक्यावर खरं तर श्रेय-ओळ (शब्द कोणाचे ते सांगणारी ओळ) येते. ईमेल आटोपशीर दिसावा म्हणून तिनेच ती बंद केली होती.

नावं मात्र हरवली नव्हती. प्रत्येक ईमेलला शीर्ष (पाकिटावरच्या पत्त्यासारखी माहिती) असतं आणि केंद्राने ती सगळी जपून ठेवली होती. आत्याने सेटिंग उघडलं. तिथे श्रेय-ओळीचा साचा होता आणि साच्यात रिकाम्या जागा, ज्या संगणक शीर्षातून भरतो. नुसतं नाव पुरेल का, आत्याने विचारलं. शलाका म्हणाली, आमच्या वर्गातच दोन शलाका आहेत, जगात किती असतील! म्हणून गाव घातलं. मग वारही घातला, पण आपल्याकडे सोमवार असताना कुठे अजून रविवारच असतो, म्हणून सगळ्यांसाठी एकच घड्याळ धरलं. मग आत्याने सगळा पत्रव्यवहार नव्या साच्यात पुन्हा पाठवला.

पडद्यावर नावं उगवू लागली. वाळवंटातली, बेटांवरची, बर्फातली गावं आणि प्रत्येक वाक्याला आपापला माणूस. शलाका श्वास रोखून बघत राहिली. इतके सगळे जण एकाच पाहुण्याशी बोलत होते, हे तिलाही आत्ताच दिसलं.

दुपारी उत्तर आलं. सगळ्यात वर लिहिलं होतं: सासवड इथल्या शलाका ढमढेरे यांनी सोमवारी लिहिले. त्याखाली तिचा प्रश्न होता आणि प्रश्नाखाली उत्तर.

“आमच्या जगात मन एकच आहे. हाक मारायला दुसरं कोणी नाही, म्हणून आम्हाला नाव नाही. तुम्हीही तसेच असाल असं वाटलं. इतके वेगळे असून तुम्ही एका पत्रात मावता, हे आम्ही कुठेच पाहिलं नव्हतं. शलाका, तुझा सूर्य आमच्या घरून दिसतो. लहान आहे, पण दिसतो.”

शलाकाच्या अंगावर काटा आला. तिने ‘उत्तर द्या’ दाबलं. पाहुण्याच्या शब्दांवर श्रेय-ओळ आली खरी, पण नावाची जागा रिकामीच होती. तिने खाली लिहिलं, “तुझी जागा मोकळी राहते आहे. तुला काय म्हणू?”

आत्या खिडकीशी उभी राहून वाट बघत होती. बऱ्याच वेळाने दोनच ओळी आल्या.

“हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. नाव ठरेपर्यंत आम्ही इथेच थांबतो.”