पामच्या बाजूची फळी

“सोडला! आत्या, परत सोडला!” देवू ओरडला.

जमुनाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “गप की रे! तिला ऐकू जातंय!”

ऐकू गेलंच होतं. बोईसरच्या कामगार वसाहतीच्या मैदानावर, सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टात भागीआत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. फळीवर आपटलेला चेंडू मेल्यासारखा खाली पडून घरंगळत चालला होता. तो लांब उसळेल म्हणून आत्याने मागे झेप घेतली होती, आणि हात रिकामेच राहिले होते.

भागीच्या हातून रिबाउंड सुटावा? मुरबे बंदरातल्या नाखव्याला होडीत चक्कर यावी, तसलंच काहीतरी!

कारण भागीची ख्यातीच ती होती. डोंगरातल्या पाड्यावर लहानपणी तिचा भाऊ झाडावर चढून आंबे उतरवायचा आणि ती खाली उभी राहून ते वरच्यावर झेलायची. जमिनीवर पडला तर आंबा फुटायचा, मग बाजारात कोण घेणार? पुढे आश्रमशाळेत बास्केटबॉल आला. तिचा नेम यथातथाच होता. पण दुसऱ्यांचे नेम चुकले की फळीवरून परतलेला तो चेंडू हटकून तिच्या हातात! बाकीच्या मुली मान वर करून बघत असायच्या, तोवर ही हवेत. त्याच उडीने तिला राज्याच्या संघात नेलं, रेल्वेत नोकरी दिली, विमानात बसवलं. पाड्यावरच्या म्हाताऱ्या अजून विचारायच्या, “भागे, बॉल खेळायचा पगार देतात व्हय गं?”

पण गेल्या वर्षी गुडघा दुखावला. वर्ष बाकावर बसून गेलं. आज संध्याकाळी इथेच तिच्या रेल्वे संघाचा मुंबईच्या संघाशी सामना होता आणि तिला पाहायला रेल्वेच्या निवड समितीच्या बाई येणार होत्या. आज जमलं तर राष्ट्रीय स्पर्धेत जागा. नाही जमलं, तर...

आत्या मुलांजवळ येऊन बसली. तिने टॉवेलने तोंड पुसलं, पण डोळे जरा जास्तच वेळ टॉवेलात राहिले.

“गुडघा दुखतोय का?” जमुनाने हळूच विचारलं.

“गुडघा बरा हाय गं. उडी पण पुरते. अंदाजच चुकतोय! चेंडू कुठे पडणार, तेच कळेनासं झालंय.” ती उठली. “संपलं बहुतेक माझं. जरा आडवी होते.”

ती पाहुण्यांच्या खोलीकडे निघून गेली. आत्या असं कधीच बोलली नव्हती!

“पण सकाळी तर सगळे पकडत होती,” रामनाथ म्हणाला. तो वसाहतीतलाच. त्याचे वडील चंद्रभान कारखान्यात फिटर होते. सुट्टीत जमुना आणि देवू पाड्यावरून आत्यासोबत आले, तेव्हापासून तिघांची गट्टी जमली होती.

जमुनाने मान झटकन वर केली. “सकाळी ती कुठल्या बाजूला खेळत होती?”

“स्टेशनच्या बाजूला. आता ही पाम गावाकडची बाजू.”

“रामनाथ, चेंडू घे! आधी तिकडच्या फळीवर मार. मुद्दाम चुकव.”

“मला मुद्दाम चुकवायची गरजच पडत नाही!” रामनाथ म्हणाला आणि त्याने स्टेशनच्या बाजूला चेंडू फेकला.

ठण्ण! चेंडू उसळून थेट मधल्या रेघेपर्यंत गेला.

मग पामची बाजू. तसाच फेकला, तेवढ्याच जोराने.

थप्प. चेंडू खांबाच्या पायथ्याशी!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आवाज ऐकलात? आत्याचा अंदाज नाय चुकत,” जमुना म्हणाली. “फळीच खोटं बोलते!”

देवू एव्हाना खांबावर चढलासुद्धा होता. आंब्याच्या झाडावर चढणाऱ्या पोराला लोखंडी खांब तो काय! दोन्ही फळ्या परवाच पांढऱ्या शुभ्र रंगवल्या होत्या. त्याने फळीच्या मागे डोकं घातलं आणि किंचाळला, “अरे, इथं बोल्ट नाय! चारी भोकांत नुसती तार! वरनं रंग फासलाय!”

“हलवू नकोस! उतर आधी!” रामनाथचा चेहरा पडला. “एवढी जड फळी तारेवर? कुणाच्या डोक्यात पडली तर?”

रिबाउंड घेणारी भागीआत्याच. सामनाभर बरोब्बर त्या फळीखाली उड्या मारणार होती ती!

पण बोल्ट गेले कुठे? मंडपवाला दोऱ्या आवळत होता, त्याला रामनाथने विचारलं, “भय्या, फळी रंगवायला खाली उतरवली, तेव्हा तिचे बोल्ट कुठे ठेवले?”

“वो लंबे वाले?” मंडपवाल्याने तोंडातली सुतळी काढली. “वो तो कमान में लग गये. साहब बोले, कमान हिल रही है, ये लगा दो.”

मैदानाच्या फाटकावर भलीमोठी कमान उभी होती. तिच्यावर ‘सुस्वागतम्’ बारीक अक्षरांत होतं आणि त्याखाली हातभर अक्षरांत ‘श्री. नागोराव, चिटणीस, क्रीडा समिती’. कमानीच्या सांध्यांत चार लांब बोल्ट चमकत होते!

नागोराव कमानीखालीच हारवाल्याशी हुज्जत घालत होते. जमुनाने एका दमात सगळं सांगितलं.

“काही होत नाही!” नागोराव म्हणाले. “तार दुहेरी आहे. आणि कमान आता उतरवायची? पाहुणे येतील एवढ्यात! पळा, सरबत प्या जा.”

“पण काका, आत्या तिथं...”

“सांगितलं ना? फळी पक्की आहे!”

इतक्यात चंद्रभान पाळी संपवून आले. मुलांनी त्यांना ओढतच खांबाखाली नेलं. वर बघताच त्यांचा चेहरा बदलला. ते नागोरावांकडे गेले आणि हात हलवत परत आले. “ऐकत नाहीत रे. कमानीला हात लावशील तर खबरदार, म्हणाले.”

जमुना मांडवातल्या खुर्च्यांकडे बघत होती. सगळ्या लोखंडी आणि मधोमध एकच, लाल मखमलीची. ती हळूच हसली.

“देवू, ती लाल खुर्ची उचल. रामनाथ, चेंडू घेऊन तयार राहा. आणि काका, तुमी पाना आणा.”

थोड्याच वेळात लाल खुर्ची पामच्या बाजूच्या फळीखाली जाऊन बसली. जमुना नागोरावांकडे धावली.

“काका, तुमची मानाची खुर्ची मांडली! कोर्टातच! फोटोत सगळ्यांच्या पुढे दिसाल!”

नागोरावांनी टोपी सारखी केली आणि ते हसत हसत आले. सामना बघायला आलेली मंडळीही जमली. नागोराव बसायला वाकले, तोच जमुना मोठ्याने म्हणाली, “बसा काका! रामनाथ फक्त चार-दोन चेंडू मारणार हाय फळीवर!”

नागोराव वाकलेलेच थांबले. त्यांनी वर पाहिलं. वाऱ्याने फळी कुरकुरली. किर्र!

“इथे... ऊन फार आहे,” ते म्हणाले.

“छत्री धरू?” देवूने विचारलं. लोक खो खो हसले!

“आणि मला जरा हारांचं बघायचंय...”

“काका,” जमुना म्हणाली. आता ती हसत नव्हती. “तुमाला घडीभर बसायला भीती वाटते. मग माझ्या आत्यानं सामनाभर इथं कसं खेळायचं?”

हसणं थांबलं. नागोराव लालबुंद झाले. “भीती? मला? मार रे तो चेंडू! मी... इकडून बघतो!” आणि ते चांगले लांब जाऊन उभे राहिले.

चंद्रभाननी सगळ्यांना मागे सारलं. रामनाथने नेम धरला आणि मारला. थप्प! काही नाही. पुन्हा मारला, या वेळी कोपऱ्यावर, पूर्ण ताकदीने.

टण्! तार तुटली. फळी एका बाजूने कोसळली, लोंबकळली आणि तिचा कोपरा लाल खुर्चीवर आदळला. खुर्चीचा हात कडकन मोडून पडला!

नागोरावांनी टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

“कमान उतरवा,” ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, “उतरवा रे! आत्ताच्या आत्ता!”

आवाज ऐकून भागी धावत आली. जमुनाने तिला मिठीच मारली. “आत्या, तुझा अंदाज बरोबर होता! फळी ढिली होती, चेंडूचा सगळा जोर तीच खात होती!”

भागीने तुटलेली तार हातात घेतली. मोडक्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी आलं. “आणि मी मघापासून मलाच शिव्या घालत्येय!” तिने देवूला उचलून गरकन फिरवलं.

चंद्रभाननी बोल्ट आवळले. रामनाथने चेंडू मारून बघितला. ठण्ण! काय गोड वाजला तो!

सामना तासभर उशिरा सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला मुंबईचा चेंडू चुकला. चार हात वर गेले आणि त्यांच्याही वरून भागीचे दोन हात आले. चेंडू तिच्या पंजांत चपकन बसला! “उडती भागी! उडती भागी!” मैदान दुमदुमलं. पामच्या बाजूला तर तिने एकही सोडला नाही. शेवटी रेल्वेच्या एका पोरीचा नेम चुकला, भागीने गर्दीतून चेंडू उपटला, तिलाच परत दिला आणि त्याच चेंडूवर रेल्वेने सामना जिंकला!

निवड समितीच्या बाई उठून आल्या. “भागी, सामान बांध. राष्ट्रीय स्पर्धेला तू हवीस.”

नागोरावांनी माइक हातात घेतला. खाकरले. “माझी चूक झाली. मी कमान बघत बसलो, या तीन मुलांनी फळी बघितली. आज कुणाचं डोकं फुटलं नाही, ते यांच्यामुळे. टाळ्या माझ्यासाठी नकोत, यांच्यासाठी वाजवा!”

चंद्रभाननी रामनाथच्या खांद्यावर हात ठेवला. देवू तर टाळ्या थांबूच देईना, स्वतःच वाजवत राहिला!

गर्दी पांगली, तेव्हा भागीने जमुनाला कोर्टात ओढलं आणि निरखून पाहिलं. “फळीचा आवाज नीट ऐकलास, म्हणून सापडलं. अर्धा खेळ त्यातच असतो, पोरी. आता उरलेला अर्धा शीक.”

“मी? मला उडी कुठं येते!”

“मलाही येत नव्हती. रामनाथ, मार!”

चेंडू फळीवर आपटला. जमुना धावली, उडाली, आणि चेंडू तिच्या बोटांना लागून नाकावर आदळला.

“लागलं का गं?” देवू धावला.

“लागलं!” जमुना नाक चोळत हसली. “रामनाथ, परत मार!”