निळ्या फोल्डरातली कोरी पानं

"आमच्या कंडक्टरचं हस्तलिखित चोरीला गेलंय," फोनवरची बाई म्हणाली आणि दादा चक्रावला. तीस वर्षं त्यानं स्वतः बसमध्ये कंडक्टरकी केली होती. तिकिटांची पेटी चोरीला गेलेली त्याला माहीत होती, हस्तलिखित नव्हतं.

"वाद्यवृंदाचा संचालक, दादा. काठी हलवणारा कंडक्टर," पायांत चपला सरकवत धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे त्याची बहीण. खासगी चौकशीचा धंदा तिचा. दादा निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर फिरायचा, कारण घरी थांबलं की बायको त्याला जळमटं काढायला लावायची.

ते सभागृहात पोचले तेव्हा दोन वाजले होते. तालीम थांबली होती, पण सत्तर वादकांपैकी एकालाही स्वस्थ बसवत नव्हतं. कुणी तारा पिळत होतं, कुणी तोच एक सूर पुन्हा पुन्हा फुंकत होतं. दादाचं डोकं भणभणायला लागलं.

व्यवस्थापिका चालता चालताच बोलत होती. उद्या संध्याकाळी नव्या हंगामाची पहिली मैफल. गेल्या वर्षी वारलेल्या एका संगीतकाराची एकुलती एक, चार भागांची सिंफनी उद्या पहिल्यांदा वाजणार होती. तिची मूळ प्रत त्याच्या पत्नीनं दोन अटींवर दिली होती: फोटो काढायचे नाहीत आणि प्रत इमारतीबाहेर न्यायची नाही.

"तालमीच्या मधल्या सुट्टीपर्यंत संचालक त्यातूनच वाचत होते, अख्ख्या वृंदानं पाहिलंय. सुट्टी संपता संपता मी संगीतकाराच्या पत्नीला प्रत दाखवायला मंचावर नेलं. निळं फोल्डर उघडलं तर आत ही कोरी पानं! आणि सुट्टीत मंचावर एकटे वहीवाले काकाच होते."

"मग?"

"बाई चारपर्यंत थांबणार आहेत. प्रत मिळाली नाही तर त्या परवानगी काढून घेतील आणि मला पोलीस बोलवावे लागतील. काकांसाठी." एवढं बोलताना मात्र तिची पावलं थांबली.

धाकटीनं कोरी पानं हातात घेतली. चांगला जाडजूड गठ्ठा होता. त्यावरच्या स्वरलेखनाच्या रेघा एकमेकींपासून बोटभर लांब होत्या.

"लहान मुलांना शिकवायची पानं," व्यवस्थापिका म्हणाली. "आमच्याकडे नसतात असली."

वहीवाले काका, म्हणजे वृंदाचे ग्रंथपाल, आपल्या खोलीत कपाटाला टेकून उभे होते. टेबलावर त्यांच्या पिशवीतला ऐवज मांडलेला होता: डबा, कानटोपी, रक्तदाबाच्या गोळ्या. सगळ्यांदेखत पिशवी उलटी केली होती.

"एकतीस वर्षं झाली," ते म्हणाले. "एक कागद इकडचा तिकडे झाला नाही हो कधी."

"फोल्डर तुमच्याकडे कधी आलं?"

"काल तालीम संपल्यावर संचालकांनी फीत बांधून हातात दिलं. मी कुलपात ठेवलं, सकाळी नेऊन मंचावर संचालकांच्या स्टँडवर ठेवलं."

"उघडून पाहिलं नाही?"

"संचालकांची फीत ग्रंथपाल सोडत नाही, बाई. आमच्यातला रिवाजच आहे तो."

"प्रत केवढी होती?"

"पहिला भागच शंभर पानांचा. मूळ प्रतीत सगळी वाद्यं एकाखाली एक लिहिलेली असतात, त्यामुळे पान चटकन संपतं. त्यात अक्षर मुंगीएवढं. त्यातून मीच तर सगळ्यांच्या वह्या उतरवल्या. वादकाच्या वहीत फक्त त्याचं वाद्य, तो भाग सतरा पानांत आटोपतो." काकांनी कपाळ चोळलं. "आज सकाळपासून सगळं उलटंच चाललंय बघा. व्हायोलिनची एक वही कमी पडली. शेवटच्या रांगेत तिघं एका वहीत बघत होते. सुट्टीनंतर तीच वही तिथल्या खुर्चीवर सापडली."

खोलीबाहेर आल्यावर दादा पुटपुटला, "बिचारा खोटं बोलत नाही गं."

"तुला कसं कळलं?"

"विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून ओळखू येतो."

"मग दोनदा निलंबित का झालास?" धाकटी म्हणाली आणि नगारेवाल्याकडे वळली.

नगारेवाला बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून बसला होता. पहिल्या भागात त्याचा नगारा अगदी शेवटी वाजायचा. तोवर काम एकच, गप्प बसून मोजायचं.

"चुकून आधी ठोका पडला तर नोकरीवर पाणी," तो म्हणाला. "मोजायची अशी सवय लागलीय की जिना चढतानाही पायऱ्या मोजतो. सकाळी पहिला भाग आम्ही न थांबता वाजवला, तेवढ्यात संचालकांनी आठ वेळा पान उलटलं आणि दोनदा घाम पुसला."

दादाला हा माणूस मनापासून आवडला. तोही डोकी मोजतच म्हातारा झाला होता.

संचालकांच्या खोलीत भर दुपारी दोन दिवे चालू होते. ते उभे होते आणि काठी या हातातून त्या हातात फिरवत होते. दादानं धाकटीचं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, तिरकं धरलं आणि परत दिलं.

"तुम्हीच वाचा बुवा. चष्मा कुठे ठेवला कोण जाणे."

चष्मा त्यांच्या छातीवर दोरीला लोंबत होता. दादा सांगणारच होता, पण धाकटीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"काका सज्जन माणूस आहे," संचालक म्हणाले. "मला फार वाईट वाटतंय." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "नंतर बोलतो," म्हणून त्यांनी तो घाईघाईनं बंद केला. "माझी मुलगी. बालवाडीत संगीत शिकवते."

पावणेचारला धाकटीनं सगळ्यांना मंचावर बोलावलं. संगीतकाराची पत्नी पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. काका एका कडेला उभे होते आणि त्यांच्या शेजारची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. दादाला त्याचाच राग आला. तो मुद्दाम जाऊन काकांना खेटून उभा राहिला.

"सगळे एकच विचारतायत, सुट्टीत प्रत कुणी काढली," धाकटी म्हणाली. "पण सुट्टीआधी ती तिथे होती कशावरून?"

"संचालक वाचत होते ना त्यातून!" व्यवस्थापिका म्हणाली.

"काहीतरी वाचत होते. पहिला भाग शंभर पानांचा. तो संपेपर्यंत पन्नासच्या आसपास वेळा पान उलटायला हवं. नगारेवाल्यांनी मोजलंय, आठच वेळा उलटलं. सतरा पानांच्या वहीला बरोबर आठ वेळा पुरतं."

शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हो, तुमचीच वही. सकाळी नव्हती, सुट्टीनंतर आली. म्हणजे सुट्टीपर्यंत ती या स्टँडवर होती, आणि हे फक्त एका माणसाला माहीत असणार. वहीची शोधाशोध सुरू झाली म्हणून त्यानं सुट्टीला मंचावरून उतरताना ती खुर्चीवर ठेवली. मूळ प्रत काल संध्याकाळीच गेली. फोल्डर हलकं लागू नये म्हणून आत कोरी पानं भरली, वर ही वही ठेवली आणि फीत बांधली. ती कुणी सोडणार नाही याची खात्री होती."

व्यवस्थापिका संचालकांकडे वळली.

"पण का?" दादानं विचारलं.

"छातीवरचा चष्मा ज्यांना सापडत नाही, त्यांना मुंगीएवढं अक्षर कसं वाचता येणार? कोरी पानं बालवाडीतली आहेत, दादा. त्याच गठ्ठ्यातली बाकीची पानं आता कुणीतरी ठळक अक्षरांत भरतंय. साहेब, मुलीला फोन करा. ती केव्हाची तुमची वाट बघतेय."

संचालक स्टँडला धरून उभे राहिले.

"आठ महिने झाले," ते म्हणाले. "मधलं काही दिसतच नाही, फक्त कडा दिसतात. कळलं असतं तर हा हंगाम दुसऱ्याला गेला असता. काल रात्रीत मुख्य सुरांपुरतं उतरवून होईल असं वाटलं होतं. चौथा भाग राहिलाय. प्रत उद्या सकाळी गुपचूप परत ठेवणार होतो."

"काकांची पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होतो," संचालक म्हणाले.

संगीतकाराची पत्नी उठली. "माझ्या नवऱ्याचं अक्षर तुम्हाला लागत नाही?"

"नाही, बाई."

"मलाही जन्मात लागलं नाही," ती म्हणाली. "अट मोडलीत, तेही मी विसरणार नाही. पण त्यांनी हे ऐकायला लोक बसतील म्हणून लिहिलं होतं. प्रत आत्ता इथे आणा. राहिलेलं इथेच बसून उतरवा. ज्यांना ते अक्षर लागतं त्यांनी."

ते अक्षर लागणारा इमारतीत एकच माणूस होता. सगळे काकांकडे बघायला लागले.

अर्ध्या तासात संचालकांची मुलगी प्रत घेऊन धापा टाकत आली. संचालकांनी प्रत निळ्या फोल्डरात घातली, चाचपडत फीत बांधली आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरली.

"मला सांगितलं असतं तरी चाललं असतं हो," काका म्हणाले. "मोठ्या अक्षरात मीच लिहून दिलं असतं. एकतीस वर्षं दुसरं काय करतोय मी? चौथा भाग देतो उतरवून. या बाईंसाठी."

मग ते तिथेच, सगळ्यांदेखत, खुर्चीवर बसले, मांडीवर फोल्डर घेतलं आणि फीत सोडली. बोटाला थुंकी लावून त्यांनी पहिलं पान उचललं.

"एक," काका म्हणाले. "दोन. तीन."

शेवटचं पान होईपर्यंत संचालक त्यांच्यासमोर उभे होते.